एक तोंड, दोन कार्डं

प्रिय शोभा,

तुला जाऊन पाच महिने झाले. रोज दिवा लावताना तुझ्याशी बोलते, पण आज नुसतं बोलून भागणार नाही. उद्या आमच्या सोसायटीत पुन्हा दात तपासणीचं शिबिर आहे. तीच डॉक्टर येणार आहे. आणि दाजी तिला जाब विचारायला येणार आहेत.

आई भेटली का गं तिथं? तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची आणि एकाच बोटानं आधी तुझ्या, मग माझ्या हिरड्यांना लावायची. "दात कसे बळकट राहतात बघा!" दाढ दुखली, लाव मिश्री. मी मॅट्रिक झाले, तू आठवीत शाळा सोडलीस, पण या बाबतीत दोघी सारख्याच अडाणी. माझी मिश्री सुटली ती माझ्या लेकाच्या, संदेशच्या आजारपणात एकवीरेला नवस बोलले म्हणून. तुलाही सोडायला लावायचं तेव्हा का सुचलं नाही मला?

मागच्या शिबिराला मीच तुला तळवलीहून बोलावलं. तुला तिखट झोंबायचं, एकाच बाजूनं चावायचीस. उष्णता असेल म्हणून मी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या होत्या. आता फुकट बघतायत तर दाखव, म्हटलं. आलीस, आणि माझ्या पलंगावर बसून राहिलीस. "ती पोरगी तुमच्या बायांसमोर मिश्रीवरून मला झाडणार. तूच जा ना माझ्या नावानं! तोंड काय वेगळंय आपलं?"

आणि मी गेले गं! आधी माझ्या नावानं, मग तुझी साडी नेसून तुझ्या नावानं. माणशी एक ब्रश आणि पेस्ट देत होते. तेवढीच एक जास्त मिळेल, हेही डोक्यात होतं. खोटं कशाला सांगू?

"काकू, मघाशी आला होतात ना तुम्ही?"

"ती माझी जुळी बहीण."

"अय्या! दातपण सेम टू सेम!"

घरी येऊन पोट दुखेस्तोवर हसलो आपण. तुझ्या नावाच्या तपासणी कार्डावर तिनं लिहिलेलं, तोंड निरोगी.

पण ते कार्ड तू जपून का ठेवलंस? दाजी दवाखान्यात चल म्हणाले की पुढे करायचीस, "डॉक्टरनं लिहून दिलंय ना!" मला एका शब्दानं बोलली नाहीस. कळलं तेव्हा तुझ्या तोंडात चमचा जात नव्हता. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी गालाच्या आत बघितलं आणि म्हणाले, कॅन्सर आहे, इतके दिवस काय करत होतात? दाजी माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

ऑपरेशननंतर बोलता येईना, तेव्हा वहीत लिहिलंस, "यांना कार्डाचं सांगू नको. तुला दारात उभं करणार नाहीत." मी मान डोलावली. मरतानाही माझीच काळजी, शोभा? मला राग येतो तुझा!

काल दाजी आले. वाळलेत खूप. कार्ड टेबलावर ठेवलं. "हिच्या सहीनं माझी बायको गेली. परवा शिबिरात सगळ्यांसमोर विचारतो. प्रभा, तू होतीस ना तिथं? साक्षीला उभी राहा." चहा ठेवते म्हणून मी आत गेले, देवाकडे बघवेना. बाहेर येऊन म्हणाले, "हो."

त्या पोरीनं माझं तोंड बघितलं आणि बघितलं तेच लिहिलं. तिचं काय चुकलं गं? उद्या चारचौघांत तिच्या नावानं बोंब होईल, आणि मी तिथं पदर सावरून उभी राहू?

शोभा, तुला दिलेला शब्द मी मोडणार आहे. रागाव, हवं तर. उद्या सकाळी पूजा आटोपली की शिबिर सुरू व्हायच्या आत तळवलीला जाते. त्या खुर्चीत शोभा नव्हती, मी होते, एवढं दाजींना सांगते. त्यांनी दार लावून घेतलं तर बाहेरून सांगेन. शेजारीपाजारी ऐकतील, ऐकू देत. पण सांगितल्याशिवाय परत फिरणार नाही.

तुझी,
प्रभा