पाचवा हात

धायरी फाटा,
बुधवार, दुपार

प्रिय तनया,

'प्रिय' हा शब्द तुझ्यापर्यंत पोचला असेल, तर शेफालीनं तो खोडला नाही असं समज. पाकीट उघडंच तिच्याकडे देतोय. तिची अटच तशी होती. "मी आधी वाचणार. रडगाणं असलं तर तुझं तुला परत." म्हटलं, वाच बाई. (शेफाली, वाच.) फोनवरून तुझ्यापर्यंत यायच्या सगळ्या वाटा तू बंद केल्यास, त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे पहिले दोन महिने होती. आता तक्रार करायचाही कंटाळा येतो. कागदावर शेवटचं लिहिलं ते तिसऱ्या वर्षाच्या पेपरात, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

मी सध्या रविराजदादाच्या दुकानात बसतो. माझा चुलतभाऊ, तुला एकदा कोथरूडला सोडायला आला होता तो. मोबाईल दुरुस्ती. दिवसाला सात-आठ फुटक्या काचा बदलतो. लोक फोन काउंटरवर ठेवतात आणि सगळे एकच सांगतात, "हातातून सटकला." चेहऱ्यावरून कळतं की आपटलाय. मी कुठल्या तोंडानं बोलणार? आई शेजारणीला सांगते, "विंजनेर व्हायचा ऱ्हायला, पर हाताला काम हाय." अधूनमधून मला विचारते, "ती भाकरी मोडून ताकात कुस्करणारी पोरगी येत न्हाई का रं आता?" खडकवासल्याहून परत येताना तू एकदाच आमच्याकडे जेवलीस, ते तिच्या अजून लक्षात आहे. मी म्हणतो, तिला कामं असतात.

कॉलेज सोडलं तेव्हा तू मला एकच प्रश्न विचारला होतास. हजेरी कमी पडली म्हणून सरांनी हमीपत्र लिहून दे म्हटलं आणि मी ते त्यांच्या टेबलावरच फाडलं. तू विचारलंस, फाडून काय मिळालं? मी म्हटलं, बरं वाटलं. तू म्हणालीस, किती वेळ? तेव्हा मला तुझा राग आला होता. खरं उत्तर आज देतो. संध्याकाळपर्यंत. बसमध्ये घरी न जाता खडकवासल्याचं तिकीट मागेपर्यंतच, खरं तर.

आज सकाळी एक बाई फोन घेऊन आल्या. पलीकडच्या माणसाला आवाजच जात नाही म्हणाल्या. माईकचं भोक धुळीनं बुजलं होतं. सुईनं साफ करत बसलो आणि आपल्या लाडक्या बँडचा, 'चौथा कट्टा'चा, तो पहिला कार्यक्रम आठवला. आठवतंय ना? लॉनवर दोनशे माणसं, आणि ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी शेफालीनं मला सांगितलं, फोन धर आणि ग्रुपवर लाइव्ह सोड. मी छाती फुगवून धरला. आणि तीस माणसांनी दीड तास स्टेजवर गाणाऱ्या अभिनवऐवजी माझं गाणं ऐकलं, कारण फोनला सगळ्यात जवळचा आवाज आधी ऐकू येतो. बार्शीहून साईनाथनं लिहिलं होतं, "फोनवाल्या दादांना नम्र विनंती. आपण घरी गावे." तू तो मेसेज मला वाचून दाखवलास आणि हसता हसता खाली बसलीस. तोपर्यंत तू माझ्यासाठी ग्रुपमधलं एक नाव होतीस. त्या दिवसापासून माझं जे काही झालं ते झालं.

त्यानंतर नियम मीच केला. फोन धरणाऱ्यानं आणि त्याच्या हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्यांनी तोंड उघडायचं नाही. फोन तापायचे, बॅटरी बसायची, म्हणून पाच जणांची साखळी केली. त्यांना आपण 'हात' म्हणायला लागलो. पहिला हात शेफाली, चौथा तू, पाचवा मी. मागच्या भिंतीपाशी, जिथे नेटवर्क टिकतं तिथे, पाचही जण खांद्याला खांदा लावून उभे. कुणाचा फोन कधी मान टाकेल सांगता येत नाही, म्हणून पाठ फिरवून कुठे जायचं नाही. पुढे हजार माणसं नाचतायत आणि मागे आपण पाच मुके. हळूहळू तिकडची तीस माणसं तीनशे झाली. शेवटच्या 'गच्ची' गाण्याआधी पाचव्या हातानं फोन तोंडाजवळ घेऊन घरी बसलेल्यांची नावं हळूच वाचायची, ही हजेरीची पद्धत मात्र तू काढलीस. बार्शीचा साईनाथ, मिरजेची वैष्णवी, हिंजवडीत शिफ्टवर अडकलेला केदार. कॉलेजात हजेरी बुडवणारा मी इथे एक नाव गाळत नव्हतो.

आणि तुझ्याकडून माझ्याकडे पाळी यायची ती वेळ. तू माझ्या मनगटावर दोनदा टकटक करायचीस. मी माझा चालू करायचा, आणि गाणं तुटू नये म्हणून पाच सेकंद दोन्ही फोन चालू ठेवायचे. शेजारी शेजारी, एकाच गोष्टीकडे बघत. दोन वर्षांत माझ्या वाट्याला तू एवढीच आलीस, असं मी मित्रांना सांगायचो. तू किती वेळा माझ्यासोबत चहा प्यायलीस, धरणावर कणसं खाल्लीस, कंपनीची बस सोडून माझ्या गाडीवर आलीस, ते मोजायचोच नाही. न मिळालेल्याचाच हिशोब ठेवायची सवय. तू एकदा धरणाच्या भिंतीकडे बघत म्हणालीस, "तू चांगला आहेस रे दिग्या. पण तुझ्याजवळ उभं राहिलं की सारखं वाटतं, आता काहीतरी होणार." मी ते कौतुक समजलो. खरंच सांगतो, तीन आठवडे मी ते कौतुक समजून चाललो होतो.

मग मार्च. तू आठ दिवस आधी म्हणालीस, दोन वर्षं झाली, मी एकही गाणं गायलेलं नाही. सगळी पाठ आहेत, पण गायलेलं एकही नाही. एकदा मला फोन न धरता पुढे जाऊन ऐकायचंय. मी लगेच म्हटलं, चौथा आणि पाचवा, दोन्ही हात मीच. तू फक्त गा. तू विचारलंस, नक्की? मी म्हटलं, आईशप्पथ.

तो माणूस तुला दिसला नसेल, तू पुढे होतीस. मुलीला खांद्यावर घेऊन तो बरोबर माझ्या फोनसमोर आला. मी म्हटलं, अहो, जरा बाजूला. त्यांनी मागे वळून फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाले, "तिकीट तुम्ही काढलंय की फोननं?" आज मला ते वाक्य आवडतं. अस्सल पुणेरी आहे, मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. पण तेव्हा डोक्यात सणक गेली. मी कॉलर धरली. मुलगी खांद्यावरून घसरत खाली आली आणि रडायला लागली. लागलं नाही तिला, पण घाबरली. माझा फोन खाली, त्यावर कुणाचा तरी बूट. तिकडे तीनशे बारा माणसांनी शेवटचं जे ऐकलं ते अभिनवचं नव्हतं, माझ्या शिव्या होत्या. बाकी तिघांच्या बॅटऱ्या केव्हाच बसल्या होत्या, कारण पुढचं सगळं मी एकटा धरणार होतो ना.

शेफालीनं गर्दीतून हाक मारली, "तनया, धर!"

मी तुला बघत होतो. तू डोळे मिटून गात होतीस, दोन्ही हात वर होते. हाक ऐकू आल्यावर तू डोळे उघडलेस, मागे आलीस, खिशातून फोन काढलास आणि तोंड मिटून घेतलंस. ओरडली नाहीस, रडली नाहीस, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. 'गच्ची' सुरू व्हायच्या आधी तूच हजेरी वाचलीस. आणि पूर्ण गाणंभर तुझा हात इतका स्थिर होता की साईनाथनं नंतर लिहिलं, आजपर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र. लोक मला विचारतात, तनयानं तुझ्याशी तोडलं ते त्या मारामारीमुळे ना? मी हो म्हणतो. पण मला झोपेत ती कॉलर दिसत नाही. तुझं मिटलेलं तोंड दिसतं.

एप्रिलमध्ये तुझ्या बस-स्टॉपसमोर पेपरवाल्याच्या आडोशाला उभा राहायचो, तो मीच. तुला माहीत आहे, चौथ्या दिवशी तू दुसऱ्या स्टॉपवरून चढलीस. माफी मागायला आलो होतो असं तेव्हा मनाला सांगत होतो. माफी मागायला माणूस आडोशाला उभा राहत नाही, एवढं आता कळतं. ते चूक होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लाज वाटाय पायजे." वाटते.

त्या बापलेकीलाही शोधलं. सोपं होतं, त्यांनी आमच्या ग्रुपवरच येऊन मला धुतलं होतं. त्यांच्या सोसायटीच्या गेटपाशी जाऊन माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आता आपण निघालात तरी चालेल." मुलीनं मात्र टाटा केला. हे तुझ्याकडून काही मिळावं म्हणून सांगत नाहीये. फक्त एक काम झालं, एवढंच.

आता खरी बातमी, जी तुलाही कळली असेल. 'चौथा कट्टा' बंद होतोय. ढोलकवाला कॅनडाला चाललाय, आणि अभिनव म्हणतो, दुसरा माणूस घेऊन तेच नाव लावणार नाही. या रविवारी दुपारी चारला शेवटचा कार्यक्रम. जागा लहान आहे, पास मिनिटांत संपले. बँडनं आपल्या पाच हातांसाठी पाच पास वेगळे ठेवले होते, तुझ्यानंतर चौथा हात म्हणून जो नवा मुलगा आलाय त्याच्यासकट. स्टेजवरून कधी आपलं नावही न घेणारी माणसं, पण पाच पास ठेवले.

गेला आठवडाभर मी दुकानात बसून बाकीच्या चौघांचे फोन दुरुस्त करतोय. चौघांच्या बॅटऱ्या नव्या घातल्या, चारही माईक सुईनं साफ केले, एकेक फोन सलग तीन तास चालवून बघितला. चार हात पुरतील. शेफालीकडून एक गोष्ट कबूल करून घेतलीय, आणि ती ग्रुपवर सगळ्यांना कळवलीय. चारही फोन बंद पडले तरी तनयाला हाक मारायची नाही. तुटलं तर तुटू दे. तीनशे माणसं एका गाण्याला मुकली तर कुणी मरत नाही.

पाकिटात पिवळी कागदी पट्टी आहे, मनगटाला बांधायची. जास्तीची नाही, माझी आहे. म्हणजे मी तिथे नसेन, कुठल्या आडोशालाही नसेन. हे पत्र मी तेवढ्याचसाठी लिहिलं. तू मला माफ करावंस म्हणून नाही, परत यावंस म्हणूनही नाही. तसं वाटत नाही असं म्हटलं तर शेफाली हे पान फाडेल, म्हणून वाटतं एवढंच लिहितो आणि सोडतो. मी घरी असेन, आईशेजारी खाटेवर, तीनशे जणांतला एक. हजेरीत माझं नाव आलं तर मोठ्यानं 'हजर' म्हणेन. आई विचारेल, कुणाला म्हणालास? तू मागच्या भिंतीकडे फिरकू नकोस. पार पुढे जा, स्टेजला हात लागेल इतकी पुढे, आणि मार्चमध्ये राहिलेलं सगळं गा. आलीस की नाही, ते शेफाली मला सांगणार नाही. तशी शपथच घातलीय तिला. मी फोन कानाला लावून 'गच्ची' शेवटपर्यंत ऐकेन, आणि तुझा आवाज कुठेच आला नाही, तर तू पुढे उभी राहून गात होतीस असं समजेन.

तुझाच,
दिग्विजय