पहिली फेरी घरची

अप्पा, उद्या दुपारी तुमची नात ड्रॅगन ट्रेनच्या पहिल्या फेरीत एकटीच बसणार आहे. इंदिरानगरजवळच्या मैदानात आनंदमेळा लागलाय. त्याचा मालक म्हणजे जत्रेतल्या गाड्या जोडताना तुमच्या हाताखाली नटबोल्ट आवळणारा तो मालेगावचा पोरगा. आता दाढी पांढरी झालीय. काल आम्हाला बघताच म्हणाला, "उस्तादची नात आली. मग पहिली फेरी घरचीच, ताई." पोरगी उड्या मारत हो म्हणाली. मी नुसती हसले.

माझ्याकडे एक काचेचं कपाट आहे. ज्या ज्या रोलर कोस्टरमध्ये बसले, त्यांची छोटी मॉडेल्स त्यात मांडलीत. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या पार्कातलं आहे, सिंगापूरचं आहे, दुबईचं आहे. बसल्याशिवाय मॉडेल घ्यायचं नाही, हा माझा नेम. काहींचे रूळ तर चिमट्याने एकेक जोडत मी महिना महिना घालवलाय. नवरा चेष्टा करतो, "लोकांच्या बायका साड्या घेतात, आमच्याकडे भंगार येतं." त्याला काय सांगणार? एवढ्या उंचावरून उलटीपालटी होऊन आले, पण तुमच्या त्या बुटक्या ड्रॅगनमध्ये पोटात यायचा तसा गोळा कुठेच आला नाही. तो शोधतच मी फिरत असते.

मालेगावची जत्रा आठवते. गाडी जोडून झाली की तुम्ही मला पुढच्या डब्यात बसवायचात. फिटरचं स्वतःचं मूल बसलंय म्हटल्यावर लोक बिनधास्त रांग लावायचे. मला तो मान वाटायचा, मी नवा फ्रॉक घालून मिरवायचे. एकदा वळणावर कट्ट असा आवाज होतो, डबा एका अंगाला कलतो, आणि मी भोकाड पसरते. उतरवताना तुम्ही माझा दंड घट्ट धरता. "रडू नको. लोक बघतायत." तुमची बोटं गार पडलेली असतात. संध्याकाळी तुम्ही न मागता गोडीशेव आणून दिलीत, आणि मी सगळं विसरले.

पुढे परदेशात एका पार्कात सकाळी लवकर पोचले होते. गेट उघडण्याआधी गाडीत माणसांऐवजी पाण्याने भरलेले पुतळे बसवून त्यांची चाचणी चालली होती. मी जाळीला धरून बघत राहिले. त्या पुतळ्यांच्या जागी तुम्ही मला बसवत होतात, अप्पा. फार राग आला तुमचा. अजून येतो.

आज पोरीला शाळेत सोडून मी पुन्हा मैदानात गेले. ड्रॅगनला हिरवा रंग नवा लावलाय, आतला सांगाडा तोच. रिकामी गाडी फिरत होती आणि वळणावर तोच आवाज आला. मी मालकाला म्हटलं, "चाचा, तिथे काहीतरी अडकतंय."

"घाबरू नका ताई. तो आवाज उस्तादच्या जमान्यापासून हाय. त्यांना बी म्हाईत होतं."

म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. ठाऊक असून बसवत होतात. की गाडीवर खरंच भरवसा होता? आता विचारायला तुम्ही नाही, आणि हे पत्र टाकू तरी कुठे? आवाजाचं घरी नुसतं बोलले, तरी नवरा पोरीला तिकडे फिरकू देणार नाही. मी बोललेले नाही. उद्या ती आत बसेल आणि मी खाली, लिव्हरपाशी, तुम्ही उभे राहायचात तिथे उभी राहीन. खरं सांगते, तिथून कसं वाटतं ते मला एकदा बघायचंय.