व्हिएन्नाचा पाहुणा

डर्नस्टाईन, ६ सप्टेंबर १९९३

चि. गॉटफ्रीड यास,
रोस्विथाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, बाबा. माझं नावही त्यांना आता धड आठवत नाही. पण तू द्राक्षमळा सांभाळायला नकार दिलास आणि त्यांनी तुला घराबाहेर काढलं, तेवढं मात्र लख्ख आठवतं. डॅन्यूबवरून बोट आली की फाटकाशी जाऊन उभे राहतात. आला माझा गॉटफ्रीड, म्हणतात. परवा तर एका जपानी प्रवाशाची पिशवी घ्यायला धावले. तो बिचारा घाबरला, मलाही हसू आवरेना, मग रडू आवरेना.

शनिवारी दारावर पाइनची डहाळी टांगली की आपलं अंगण सगळ्या जगाला खुलं. घरची वाइन प्यायला कोणीही येतं, तुलाच तेवढं वावडं आहे का? तोडणी सुरू व्हायच्या आत ये, नाहीतर मी हातात कात्री देईन आणि पुन्हा भांडण होईल.

माया आहेच, ती दाखवायला एकदा ये.
तुझी ताई

व्हिएन्ना, १५ सप्टेंबर

ती. रोस्विथाताईस सा. न.

शनिवारी येऊन गेलो. तू पाव आणायला क्रेम्सला गेली होतीस. अंगण भरलं होतं. बाबांनी स्वतः टेबल पुसून दिलं, शेजारी बसले आणि कुठले तुम्ही, विचारलं. मी व्हिएन्नाचा म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. म्हणाले, मग आमचा गॉटफ्रीड ओळखीचा असेल, चष्म्यांचं दुकान आहे त्याचं.

ताई, मी हो म्हणालो. मग इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, अजून रागावलाय का हो माझ्यावर? मीच तो, असं सांगायला तोंड उघडलं, पण माझा बाप मला अहो-जाहो करत होता गं. शेवटी म्हणालो, मुळीच नाही, त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. ते माझा हात धरून रडले. मीही रडलो, तर पाठ थोपटून म्हणाले, उन्हात चढते हो वाइन, पाणी घालून प्या.

तुझ्यासाठी थांबायचं बळ उरलं नाही. रागावू नकोस.
तुझा गॉटफ्रीड

डर्नस्टाईन, ३ ऑक्टोबर

चि. गॉटफ्रीड यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्यावर चिडले, मग पिंपांच्या आड जाऊन पोटभर रडले. बाबा बरे आहेत. जेवतात, शांत झोपतात. बोट आली तरी फाटकाशी जात नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, आता कशाला जायचं, निरोप आलाय, मुलगा रागावलेला नाही, सुखात आहे. त्यानंतर तुझं नावच काढलेलं नाही त्यांनी.

राहवलं नाही म्हणून काल तू नाताळात पाठवलेला फोटो त्यांच्यापुढे धरला आणि हा कोण, विचारलं. बराच वेळ बघत राहिले. मग खुश होऊन म्हणाले, अगं, हे ते व्हिएन्नाचे गृहस्थ, फार भला माणूस, पुन्हा कधी येणार आहेत?

गॉटफ्रीड, मुलाची वाट बघणं त्यांनी सोडलंय. आता त्या गृहस्थांची बघतात. तू ये. त्यांच्यासमोर मी तुला ओळख दाखवणार नाही.

तुझी ताई