जीपचा फ्यूज

शनिवार, रात्र

उद्या लग्न लागलं की माझी मुक्ता याच जीपमधून कोल्हारला सासरी जाणार, आणि आज पुन्हा फ्यूज उडाला. हॉर्न बंद, ब्रेकलाइट बंद. उभ्या गाडीत सगळं ठीक, खड्ड्यात आदळली की ठप्प! सगळं वायरिंग मी स्वतः केलंय. कुठे चुकलो? वाटेत पेटली तर? आत पोरगी असेल.

शेवटी टॉर्च घेऊन पुढच्या जाळीसमोर बसलो. आईने गेल्या शनिवारी बांधलेली लिंबू-मिरची तिथे लटकत होती. तिच्या तारेचं टोक जाळीतून आत गेलेलं. धक्का बसला की ते हॉर्नच्या पिनेला टेकायचं आणि शॉर्ट व्हायचं. तार लिंबासकट तोडून टाकली, नवा फ्यूज बसवला. नागापूरपर्यंत मुद्दाम खड्ड्यांतून नेली. फ्यूज टिकला.

घरी आलो तर आई दारातच. “लिंबू काढलं व्हय रे? उद्या पोरगी बसनार हाय त्यात!”

हसून आत गेलो. पण ताटावर बसलो तर आईचंच बोलणं आठवत राहिलं. पोरगी बसणार आहे त्यात.

उठलो. नवं लिंबू घेतलं, तारेऐवजी सुती दोऱ्यात ओवलं आणि बांधलं. गाठ ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. फ्यूज मात्र पुन्हा बघायचा राहूनच गेला.