खंडेनवमीला साहेब आले

आश्विन शु. ७, रविवार, शके १८९३

तर सगळ्यात आधी आली शेजारची चंद्रभागा. शेणाची पाटी तशीच डोक्यावर, आन् दारातूनच, "मावशी, ऐकलं का? पुण्याचे साहेब येनार, तुमच्या नातवाची शाळा तपासायला!" म्हनलं, आधी शेण टाकून ये बाई.

पन खरं निघालं. शाळा म्हंजे वायरिंगची, लेथची, लोखंड कातायच्या यंत्राची. गुरुजींनी भुसाराच्या जुन्या गोदामात काढली. गावानं पत्रे दिले, भिंती आमी बायांनी लिंपल्या. गुरुजींचं एकच, "पोरांच्या हातचा ऊसतोडीचा कोयता सुटला पायजे." साहेबांनी मान्यता दिली तर सर्टिफिकेट, न्हाई तर पुन्हा भुसाराचं गोदाम.

आमचा भानुदास लेथ चालवतो! लोखंडाची कुरडई पडते नुसती. मी डोळ्यांनी बघितली. मला अक्षरं बी त्यानंच शिकवली.

शु. ८, सोमवार

झोप लागंना. नामदेव, माझा लेक, म्हनला, "आई, ऊसतोडीच्या गाड्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशी निघनार. तवर शाळेचं ठरलं तर ठरलं. न्हाईतर भान्या आमच्यासंगं तोडीला." भाकरी करपली तरी कळलं न्हाई सुनेला.

गुरुजी म्हनतात साहेब दसरा झाल्यावर येतील. येऊ देत लवकर.

शु. ९, मंगळवार, खंडेनवमी

आजच आले! आन् सकाळीच आमी लेथला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातलेली. हातोड्या, पकडी, कानशी पाटावर. आज पुजलेलं हत्यार दसऱ्याशिवाय कोन उचलतं?

दोघं होते. एक चष्मेवाले, एक जाडे. जाडे म्हनले, "मशीन चालवून दाखवा." पोरं हात बांधून उभी. गुरुजींना घाम. चष्मेवाल्यांनी पेन काढलं, "मग काय लिहायचं? काम बंद, पूजा चालू?"

मला राहवलं न्हाई. "साहेब, तुमच्या घरी आज कशाची पूजा?"

जाडे हसले, "आई माझ्या पेनाला गंध लावते."

"मग तुमी बी आज लिहू नका की!"

पोरं फिसकन हसली. गुरुजी पांढरेफटक. जाड्यांनी चष्मेवाल्यांच्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं, त्यांच्याच खिशात ठेवलं.

जाडे आमच्याकडं जेवले, पोळी मागून घेतली. चष्मेवाले जीपमधी बसून. राग आला असंल का? म्हातारीनं मधी बोलायचं काय नडलं हुतं? देवा, माझ्या तोंडापायी पोराचं…

शु. १०, बुधवार, दसरा

सोनं द्यायला गुरुजी आले. साहेब पुन्हा येनार. पन पुनवेनंतरच्या गुरुवारी! लेथवर भानुदासच पायजे, त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुनाचा न्हाई, म्हनले.

गाड्या मंगळवारी.

नामदेव म्हनला, "मुकादम कुनासाठी थांबत न्हाई."

म्हनलं, त्याच्या जागी मी येते. मोळ्या बांधीन.

"आई, तुला उठताना हात द्यावा लागतो."

तवा सून बोलली. लग्न होऊन आली तवापासून नवऱ्यापुढं असं बोलली न्हवती. "आत्याबाई घरीच राहतील. भान्या बी. त्याच्या वाट्याचं मी वडीन."

नामदेव उठला, गाडीच्या चाकाला वंगण घालायला गेला. आजून तिथंच हाय. हाक मारावी का नको…

भानुदास आज लेथ पुसून आला. जेवला न्हाई.

साहेब येनार गुरुवारी. सकाळच्याला, म्हनले.