वाकल्या पाठीचं माप

बिरवाडी,
रविवार, दि. ३१ मार्च २०२४
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे

तीर्थस्वरूप कुशाबामामा यांस,
ओंकारचा शि. सा. न. वि. वि.

रात्रपाळी आटोपून आत्ताच खोलीवर आलो. चहा ठेवला आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी "जेवलास का" एवढं विचारून फोन ठेवते, म्हणून लिहून कळवतो.

शिमग्याला आलो तेव्हा मामीने मला गोठ्यामागे नेऊन सांगितलं की यंदा तुम्ही बांबूला कोयता लावलेला नाही. दर वर्षी होळी झाली की अंगणात कामट्या पडलेल्या असतात, लावणीच्या पावसासाठी इरली विणायला बसता. यंदा ओट्यावर बसून नुसते रस्त्याकडे बघता. मामीला भीती वाटते की हात असेच रिकामे राहिले तर तुम्ही वर्षभरात खाटेला लागाल. हे तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी अट होती आणि मी ती मोडली आहे. तिला रागावू नये, मला रागवावं.

खोलीच्या खिडकीतून ऊन येतं म्हणालो तर तुम्ही माळ्यावरचं एक इरलं दिलंत. ते घेऊन एसटीत बसलो तेव्हा कंडक्टरने या कासवाचं अर्धं तिकीट काढू का म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. मला फार लाजल्यासारखं झालं. पण महाड स्टँडवर एका बाईंनी मला थांबवलं आणि इरलं हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. त्यांचं नाव श्रियाताई. महाडात त्यांचं लहानसं दुकान आहे आणि त्यात फक्त हाताने केलेल्या वस्तू ठेवतात. गोधड्या, रोवळ्या, लाकडी उलथणी. करणाऱ्याला पैसे हातोहात देतात, याची मी शेजारच्या पानवाल्याकडे चौकशी करून खात्री केली.

त्यांना दहा इरली हवी आहेत, २५ मेपर्यंत. सगळी एका मापाची, अडीच फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद. लोक ती दिवाणखान्यात भिंतीवर लावतात म्हणे. मी हो म्हणालो आणि दोन हजार रुपये आगाऊ घेतले. घेतल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. पैसे डब्यात वेगळे ठेवले आहेत. मापाचं चित्र पट्टीने काढून सोबत जोडलं आहे.

तुमचा होकार लवकर यावा. माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू द्या.

आपला,
ओंकार

ता. क. वरचा डाग चहाचा आहे. उतू गेला.

---

वाडी, पोलादपूर
गुढीपाडवा, ता. ९ एप्रिल

चि. ओंकार यास कुशाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बघून मामी म्हणाली, पोरगा कंपनीत कशाला गेला, तलाठी व्हायचा. तिला मी रागावलो नाय. ती मला रागावली, तुझं पत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि गोठ्यामागची गोष्ट आली तशी उठून आत गेली.

चित्र छान हाय. पण त्यात माणूस कुठं हाय? इरलं कुणाचं तरी असतं रे. आपल्या गावात शिमगा झाला की बाई अंगणात यायची, रोप लावताना वाकते तशी वाकायची. मग मी कमरेपासून डोक्यापुढं एक मूठ अशी दोरी धरायचो आणि गाठ मारायचो. एकीचं दुसरीला होत नाय. लहान झालं तर कंबर भिजते, मोठं झालं तर वाऱ्यानं उचलतं. आता तू सांगतोस भिंतीसाठी कर. तर मी भिंतीचं माप कसं घेऊ? भिंत वाकत नाय.

बांबू का नाय कापला विचारतोस, तर ऐक. गेल्या साली सात केली. दोन गेली. एक तू नेलंस. चार माळ्यावर हायत. या पाचजणी आधी वाकून गेल्या आणि मग बाजारातून प्लास्टिक घेऊन आल्या. दीडशे रुपयांत मिळतं, त्यांचं काय चुकलं? यंदा एकपण अंगणात आली नाय. न वाकलेल्या माणसाचं इरलं करायला मला जमत नाय, एवढीच गोष्ट हाय. खाटेला वगैरे काय लागत नाय मी.

त्या बाईचे पैसे परत दे. दोन हजार डब्यात ठेवून तू झोपणार नाहीस, तुझी आई पण अशीच होती. तब्येत सांभाळ, आणि मामाच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नको.

कुशाबा

---

बिरवाडी,
मंगळवार, दि. १६ एप्रिल २०२४
दुपारचे पावणेचार, कामावर निघण्यापूर्वी

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट वाटलं होतं. आता नाही.

पैसे परत करायला शनिवारी श्रियाताईंकडे गेलो आणि तुमचं पत्रच त्यांना वाचून दाखवलं. भिंतीच्या वाक्यापाशी त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं आणि पैसे परत घेतले नाहीत. मग म्हणाल्या की शेतात वाकणाऱ्या बायका त्यांना ठाऊक आहेत, त्यांच्या दुकानात माल देणाऱ्याच आहेत. सव गावच्या शर्मिलावहिनी त्यांना गोधड्या शिवून देतात, आणि शिवथरच्या दोघी जावा रोवळ्या. तिघींचीही भातशेती आहे. इरलं मिळत नाही म्हणून त्या प्लास्टिक वापरतात. प्लास्टिक एका हाताने धरावं लागतं, आत घाम येतो आणि वारा आला की तोंडावर फडफडतं, अशी तक्रार त्यांची पूर्वीपासून आहे. इरली करणारा अजून कोणी आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. चौथ्या आमच्या घरमालकीण सोनाबाई. त्यांचं जुनं इरलं वाळवीने खाल्लं, तेव्हापासून त्या हळहळतात. मी दोन वर्षं त्यांच्याकडे राहतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

श्रियाताईंनी तिघींना दुकानात बोलावलं. मी साठ रुपयांचा नवा टेप घेतला. चौघींना वाकायला सांगून प्रत्येकीची तीन मापं घेतली: कमरेपासून टाळूपर्यंत, खांद्याची रुंदी आणि जमिनीपासून कंबर. दोनदा मोजून तक्ता केला आहे. आता तुम्हाला अडचण राहणार नाही असं वाटतं. तरी काही चुकलं असल्यास कळवावं, आणि मी तुमचाच आहे हे विसरू नये.

ओंकार

---

वाडी, पोलादपूर
हनुमान जयंती, ता. २३ एप्रिल

चि. ओंकार यास आशीर्वाद.

तक्ता बघितला. शर्मिला, जमिनीपासून कंबर बावीस इंच. शिवथरची थोरली, एकवीस. अरे, या बाया उकिडव्या बसल्या होत्या. दुकानात फरशीवर वाक म्हटलं की माणूस गुडघे मोडतो, पडलेलं नाणं उचलतो तसा. लावणीला गुडघे ताठ असतात, कंबर वर राहते आणि पाठ लांब होते. तुझ्या मापानं केलं असतं तर तिघींच्या कमरा भिजल्या असत्या आणि शिव्या मला बसल्या असत्या.

त्यात तुझा दोष नाय. चौघी शेतकरणी आणि एकीनंपण सांगितलं नाय. टेपवाल्या मुलासमोर लाजल्या असणार. सोनाबाईंचं माप तेवढं खरं हाय, ती बाई लाजत नाय असं दिसतं.

येत्या रविवारी चौघींना घेऊन ये. उद्यापासून अंधारा पंधरवडा लागतो, त्यात कापलेल्या बांबूला कीड धरत नाय. चार बांबू काढून ठेवीन. जास्त नाय.

कुशाबा

खाली मी तुझी मामी आनंदीबाई लिहिते. यांनी चार नाय, सात बांबूंवर खुणा केल्यात. कोयत्याला काल धार लावून आणली पोलादपुरातनं. येताना चहा पावडर आण. हे यांना न दाखवता पाकीट बंद केलंय.

---

बिरवाडी,
सोमवार, दि. २९ एप्रिल २०२४
सकाळचे साडेआठ, इस्त्री करून झाल्यावर

सौ. अंकिताताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

पनवेलला सगळे ठीक असाल. मामांच्या इरल्यांचं मी तुला फोनवर सांगत होतो, त्याचं काल काय झालं ते कळवतो. फोनवर सांगताना माझा गोंधळ होतो.

श्रियाताईंनी आपली गाडी आणली. त्यात चार बायका, मी, चहा पावडर आणि सोनाबाईंनी आणलेला फणस. मामा धुतलेली टोपी घालून अंगणात उभेच होते. मामीने गवताच्या जुड्या करून ठेवल्या होत्या. मामांनी प्रत्येकीच्या हातात जुडी दिली, परसातल्या भाजीच्या वाफ्याशी उभं केलं आणि सांगितलं की अंगण विसरा, लावायला लागा. पहिल्यांदा कोणी वाकेना. तेव्हा सोनाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, नवऱ्यासमोर कधी वाकले नाय, आज मामांसमोर वाकते. मामी इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. मग बाकीच्या तिघीही वाकल्या आणि खरंच गुडघे ताठ. गप्पा मारत मारत अर्धा वाफा गवत लावून मोकळ्या झाल्या. मामा एकेकीच्या मागून दोरी धरत आणि गाठ मारत होते. मी तक्त्यात जुनी मापं खोडली. सोनाबाई सोडून तिघींच्या पाठीच्या मापात पाच ते सात इंचांचा फरक होता.

श्रियाताईही वाकल्या. मामांनी त्यांना शेत कुठे ते विचारलं. त्यांनी शेत नाही असं खरं सांगितलं. मामा म्हणाले, मग तुमचं करता येणार नाही. मला घाम फुटला, कारण आगाऊ पैसे त्यांचे. पण मामांनी माळ्यावरची चार इरली खाली आणली. म्हणाले, ही वाकलेल्या बायकांच्या मापाची आहेत, त्या बायका परत आल्या नाहीत, आता भिंतीवर टांगा नाहीतर कुठेही टांगा. श्रियाताईंनी प्रत्येक इरलं कोणाच्या मापाचं ते विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलं. मामांना ते आवडलं असावं, कारण चौथ्याच्या वेळी त्यांनी स्वतःहून त्या बाईच्या नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नावही सांगितलं.

मग मी वही मिटली. मामांची दोरी अजून हातातच होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तू."

मी म्हणालो, मला शेत नाही.

"माझं हाय ना," मामा म्हणाले.

ताई, मामांचं खालचं खाचर गेल्या वर्षी पडीक राहिलं हे तुला माहीत आहे का? मला नव्हतं. मामांच्या भरतदादाला मुंबईहून रजा मिळाली नाही आणि मजूर मिळाले नाहीत. मामा-मामींनी दोघांनी मिळून वरची दोनच खाचरं लावली. मामा रस्त्याकडे कशासाठी बघत बसायचे ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि मी इतके दिवस गिऱ्हाइकं शोधत होतो.

मी वाकलो. मामांनी माप घ्यायला फार वेळ लावला. किती इंच आलं ते विचारलं तर सांगितलं नाही, गाठ मारून दोरी खिशात घातली. मामी चहा बघायला आत गेली आणि चहा घेऊन काही लवकर बाहेर आली नाही.

भावजींना नमस्कार. माझी काळजी करू नकोस, पण करणं सोडूही नकोस.

ओंकार

---

वाडी, पोलादपूर
ता. १९ मे

चि. ओंकार यास आशीर्वाद.

पाचही झाली. पळसाची पानं यंदा रुंद आली, दुहेरी थर दिलाय. सोनाबाईंचं जरा जड हाय, त्या बाईला पेलेल. चौघींनी पाच-पाचशे दिले तर पुष्कळ झाले. श्रियाबाईंनी मध्ये काय ठेवायचं ते ठेवावं.

परवा आपल्या गावातल्या दोघी कुंपणाशी उभ्या राहिल्या. कामट्या कशाला पाडल्यात म्हणून विचारत होत्या. मी कामट्या सोलत राहिलो. एकीनं चपला काढल्या आणि अंगणात येऊन वाकली. दुसरी मग तिच्या मागनं. आणखी दोन बांबू काढले.

तुझ्या इरल्याचे पैसे घेणार नाय. दिवस घेईन. चार. जमत नसेल तर आत्ताच लिही, मी मनात धरून बसणार नाय. इरलं मात्र दुसऱ्या कुणाला होणार नाय, एवढं लक्षात ठेव.

कुशाबा

---

बिरवाडी,
रविवार, दि. २६ मे २०२४
सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल इरली पोचवली. शर्मिलावहिनींनी दुकानातच घालून बघितलं आणि वाकून दोन्ही हात हलवून दाखवले, गिऱ्हाइकं बघत होती. शिवथरच्या जावांनी आपापली अदलाबदल करून पाहिली आणि दोघींना दुसरीचं झालं नाही, तेव्हा त्यांचं समाधान झालं. सोनाबाईंनी जड असल्याची तक्रार केली आणि ते काढून ठेवायला मात्र तयार नव्हत्या. श्रियाताईंनी चौघींच्या पैशातून काही घेतलं नाही. त्यांच्या दुकानात तुमच्या माळ्यावरची दोन गेली. दोन आहेत.

रजेचा अर्ज मी बुधवारीच दिला होता. तुम्हाला आधी कळवलं नाही, कारण नामंजूर झाला असता तर तुम्ही वाट पाहिली असती. सुपरवायझरने कारण विचारलं. लावणी असं लिहिलेलं बघून तो म्हणाला, तू तर पॅकिंगला आहेस, तुला वाकता येतं का? मी म्हणालो माप घेऊन झालं आहे. त्याला काही कळलं नाही, पण सही केली. दि. ८ ते ११ जुलै. पाऊस पुढेमागे झाला तर बदलून घेईन, तसं विचारून ठेवलं आहे.

मामीला नमस्कार. तिने गोठ्यामागे जे सांगितलं ते तुम्हाला सांगितल्याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही, तेवढं तुम्ही बघावं. हिशेब खाली देतो.

जमा
श्रियाताईंकडून, माळ्यावरची चार इरली: रु. २०००
चौघींकडून, प्रत्येकी पाचशे: रु. २०००
एकूण रु. ४०००. पैकी दोन हजार २८ एप्रिलला तुमच्या हाती दिले, दोन हजार येत्या रविवारी मनीऑर्डर न करता मी स्वतः आणतो.

खर्च (माझा)
टेप रु. ६०. हा वाया गेला.
बसभाडे व टपाल रु. ३१५
चहा पावडर रु. १४०
एकूण रु. ५१५. मागत नाही, फक्त लिहून ठेवतो.

माझ्याकडून तुम्हाला देणे
लावणीचे दिवस: चार
दिलेले: शून्य

आपला,
ओंकार