राजाची अडीच घरं

बाबा, आज हरलो. डहाणूला, बुद्धिबळाच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, हातातोंडाशी आलेला डाव. पहिला आलो असतो तर पालघर जिल्ह्याच्या संघात गेलो असतो. हो, आपला जिल्हा आता वेगळा झालाय, तुझ्या वेळी ठाणे होता. वीस वर्षं स्पर्धा खेळतोय, या वयात पुन्हा अशी संधी यायची नाही. तलासरीची शाळा, पेपर तपासणं, बसचे धक्के, सगळ्याचा कंटाळा आलाय रे.

काळी मोहरी माझ्याकडे होती. मी सिसिलियन ड्रॅगन लावला. म्हणायला बचाव, पण दोघंही एकमेकांच्या राजावर धावून जातात आणि जो एक चाल आधी पोचतो तो जिंकतो. समोर वापीच्या कॉलेजात शिकणारा इकडचाच मुलगा. मी पुढे होतो, पण घड्याळात मिनिटही उरलं नव्हतं. त्याचा हत्ती कडेच्या पट्टीत उभा, मागून वजीर येतोय. साधं प्यादं सरकवलं असतं तरी वाचलो असतो. मी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला.

"काका, आ शूं? राजा असा नाय चालत," तो म्हणाला. हसला नाही, बिचारा घाबरलाच. पंच आले. राजाला हात लावला, म्हणजे राजाच हलवायचा. त्याला एकच घर होतं, आणि तिथे दोन चालींत मात.

ही उडी तुझी. आपल्या गावी चिखल्याला, बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली, हातात कावळे हाकायची काठी घेऊन तू शिकवायचास, "शह बसला नाय तवर राजाला एक उडी हाय. वापर, नायतर जाईल." मग नववीत मी बोर्डीच्या शाळेतून नियमांचं पुस्तक आणलं आणि तुझ्या दोस्तांसमोर म्हणालो, "तुमचा खेळच खोटा आहे." तू म्हणालास, "बरं, तुझा खरा," आणि पट गुंडाळलास. पुन्हा मला कधी बस म्हणाला नाहीस. मीही बसलो नाही. त्याच वर्षी तू गेलास. अजून लाज वाटते.

चारोटीला बसची वाट बघत, डावाच्या चाली लिहिलेल्या कागदाच्या मागे हे खरडतोय. हा खिशातच राहील. घरी सांगेन, घाईत चूक झाली. तुला खरं सांगतो. राजा ठेवला आणि घड्याळ दाबायचं सोडून मी वर बघितलं, तू शाबास म्हणशील म्हणून.